मरून म्हणून उचललेला लाल

माझ्याकडे एकाच साच्यातून निघालेले रोबो आहेत. हे आधी समजावून सांगावं लागतं, कारण घरी येणारा प्रत्येक पाहुणा काचेच्या कपाटापुढं उभा राहतो आणि विचारतो, "सगळे सारखेच दिसतात, मग एवढे कशाला?" सारखे नाहीत. साचा सारखा आहे. तळहातावर मावेल एवढी मोटार. तिचे दरवाजे मागं वळवले, बॉनेट छातीवर आणलं, चाकं खांद्याशी नेली की गाडीचा माणूस होतो. कंपनी तोच साचा जपून ठेवते आणि रंग बदलून पुन्हा बाजारात आणते. काही हौशी लोक घरीच जुना रंग काढून नवा देतात. दोन्हींना आम्ही रिपेंट म्हणतो. मला हा एकच साचा आवडतो आणि त्याचे मिळतील तेवढे रंग हवे असतात. पिवळा, पांढरा, निळा, काळ्यावर हिरवे पट्टे, दोन तऱ्हेचे केशरी, लाल.

माझी बायको पुणतांब्याची. तिचं यावरचं मत पक्कं आहे. "नवरा एकच आन रोज नवा सदरा, तसलं हाय तुमचं." पण कपाटाची काच तीच पुसते, आणि कुठला रोबो कुठल्याशेजारी उभा असतो हे तिला माझ्याइतकंच पाठ आहे.

पोटापाण्याचं कामही माझं रंगाचंच. केडगावला पुणे रस्त्यावर मामांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. मी चित्रकलेचा डिप्लोमा केला, शिक्षकाच्या जागेची वाट पाहिली आणि वाट पाहून कंटाळल्यावर मामांकडं रंग जुळवायला बसलो. डब्यावरचा नंबर नव्या गाडीचा असतो. आमच्याकडच्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग त्या नंबरचा उरत नाही. त्यात थोडा काळा, थेंबभर पिवळा असं करत करत जुन्या पत्र्याला नवा रंग मिळवावा लागतो. मिळाला तर गिऱ्हाईकाला कळत नाही, चुकला तर रस्त्यानं जाणाऱ्या माणसालाही कळतो. गॅरेजातल्या पोरांनी मामांना काही विचारलं की मामा म्हणायचे, "भाच्यानं बघितला का? मग मारा." माझी भाकरी, माझा नाद आणि माझी थोडीशी ऐट, हे सगळं डोळ्यांवर उभं होतं. पायाखालच्या फरशीचा विचार कोणी करत नाही, तसा मीही कधी केला नव्हता.

मग खोकला लागला. मामा म्हणाले रंगाची धूळ आहे, मीही तेच म्हणत राहिलो. संध्याकाळी अंग कोमट व्हायला लागलं, पँट कमरेला सैल झाली. बायकोनं धरून सरकारी दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या आणि टीबी निघाला. आता तो बरा होतो हे मला माहीत होतं. तरी तो शब्द आमच्याकडे आवाज खाली आणूनच बोलतात, आणि गॅरेजात आम्ही सगळे एका वर्तुळात बसून जेवतो. मी मामांना सांगितलं, न्युमोनिया झाला होता, पंधरवडा घरी थांबतो, औषध बरेच दिवस चालेल. खरं फक्त बायकोला ठाऊक.

गोळ्या देणारी ताई मोठी बोलकी होती. पहिल्याच दिवशी म्हणाली, "दादा, लघवी केशरी होईल, घाबरायचं नाही. गोळी चुकवायची नाही. आणि दिसायला कमी-जास्त झालं, रंग वेगळे दिसायला लागले, तर लगेच मला येऊन सांगायचं."

"ताई," मी हसून म्हणालो, "माझा धंदाच रंगाचा आहे."

पुढं दर खेपेला ती विचारायची आणि मी तेच उत्तर द्यायचो. आमचा तो ठरलेला विनोद झाला होता. खोकला थांबला, भूक लागायला लागली, पँट पुन्हा कमरेला बसली. मीही कामावर परतलो. संकट टळलं असं मी मनात म्हणूनही टाकलं.

एके दिवशी सकाळी लघवी केशरी दिसेना. मातकट पिवळी, साधी दिसली. दुसऱ्या दिवशीही तेच. औषध अंगी लागत नाही, असाच त्याचा अर्थ मी लावला. गोळीचं पाकीट काढून उजेडात धरलं, तर गोळीचाही रंग उतरलेला. आधी चांगली तांबूस होती, आता मातीच्या ढेकळासारखी. गोळ्या आम्ही गॅसच्या वरच्या फळीवर ठेवत होतो. रंगवाला माणूस दुसरं काय म्हणणार? उष्णतेनं रंग उडाला, आणि रंगाबरोबर गुणही उडाला. मी पाकिटं उचलून माठाच्या मागं गारव्याला नेऊन ठेवली. बायकोनं विचारलं तेव्हा सांगितलं, "तापतात गं तिथं." बिघडलं होतं ते गोळीत नव्हतंच. पण चूक माझ्या डोळ्यांची असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

त्याच दिवसांत राहात्याच्या दोस्ताचा फोन आला. त्याचं तिथं बाजारात स्टेशनरीचं दुकान आहे आणि त्यालाही हाच नाद. तो म्हणाला, "मरून आलाय. ये लवकर, न्हाईतर दुसरा नेईल." मरून रंगाचा रोबो मी कितीतरी दिवस शोधत होतो. तो लालाच्या इतका जवळचा की फोटोत फरकच दिसत नाही. म्हणून आमच्यात एक रीत आहे. फोटोवर व्यवहार करायचा नाही. समोरच्यानं माल पुढ्यात मांडायचा, घेणाऱ्यानं स्वतःच्या हातानं उचलायचा, आणि एकदा हातानं उचललेला परत करायचा नाही. या रीतीमुळं आमच्यात कधी भांडण झालं नव्हतं.

मी मोटारसायकल काढून राहात्याला गेलो. बदल्यात द्यायला माझ्याकडचा जादा निळा घेतला होता. त्यानं वह्यांचे गठ्ठे बाजूला सारून काउंटरवर त्याचे सगळे मांडले. मी वाकून पाहिलं. का कोण जाणे, त्या दिवशी सगळे जरा मळल्यासारखे वाटले. दुकानातली ट्यूब जुनी असेल म्हणालो. एक उचलला.

"ह्योच का?" दोस्त म्हणाला. "नीट बघ."

"मला रंग शिकवतोस?"

"मी कशाला शिकवू बाबा?" म्हणाला आणि त्यानं निळा गल्ल्याशेजारी ठेवला. चहा झाला. मी खुशीत निघालो.

उसाचे दिवस होते. रस्ताभर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्याला चाललेला. ट्रॉलीच्या मागं ऊस हातभर बाहेर आलेला असतो आणि त्याच्या टोकाला लाल फडकं बांधतात, लांबून दिसावं म्हणून. राहुरीच्या अलीकडं दिवस कलत आला होता. मी ट्रॉली पाहिली, पण ती अजून लांब आहे असं वाटलं. ऊस, पाचट, रस्ता, सगळं एकाच रंगाचं. फडकं मला दिसलं तेव्हा ते तोंडापुढं लोंबत होतं. ब्रेक दाबला, मागचं चाक घसरलं, गाडी कडेच्या मुरमात जाऊन कलली. मागच्या टेम्पोवाल्यानं डोकं बाहेर काढलं. "आंधळा हाय का रं?"

असं लोक रोज रस्त्यावर ओरडतात. मीही ओरडलेलो आहे. पण मुरमात उभा राहून मी त्या फडक्याकडं बघत राहिलो. ट्रॉली पुढं पुढं गेली आणि ते पाचटात मिसळून दिसेनासं झालं. लाल फडकं असं मिसळत नाही. मिसळू नये म्हणूनच तर ते लाल असतं. घरापर्यंत मी सायकलवाल्यांच्या वेगानं आलो.

घरी आल्यावर खोका उघडून रोबो बायकोच्या हातात दिला. "घे, मरून."

तिनं तो फिरवून बघितला. "अवो, ह्यो तर आपल्याकडं हाय की."

"तो लाल. हा मरून."

ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतोय. कपाटातून आमचा लाल काढून तिनं दोन्ही शेजारी-शेजारी धरले. "लाल आन लाल. हसताय व्हय मला?" मग तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि तिचं हसू थांबलं.

मी सरळ दोस्ताला फोन लावला आणि भांडलो. माणूस घाबरला की आधी दुसऱ्यावर घसरतो. त्यानं मला फसवलं, चहा पिताना बदलला, असं काहीबाही मी बोललो. त्यानं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाला, "गड्या, मरून अजून माझ्यापुढं उभा हाय. तू लाल उचललास. मी म्हनलो नीट बघ. मला वाटलं, तुला लालच जास्तीचा पायजे आसंल." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यानंच माझ्या तोंडचं पाणी पळालं.

दुसऱ्या दिवशी बायको पाणी भरत असताना मी कपाटातले सगळे काढून उन्हात मांडले. एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. पिवळा पिवळा होता, निळा निळा होता. लाल विटकरी. त्याच्याशेजारचा हिरव्या पट्ट्यांचा काळा, त्याचे पट्टेही तसलेच मळकट. लालाला हात लावला, पट्ट्यांना हात लावला. बोटांना फरक कळत होता, डोळ्यांना कळत नव्हता. वडिलांचे डोळे काचबिंदूनं गेले होते. शेवटी शेवटी ते भिंतीला हात लावत चालायचे. ते दिवस मला आठवले. मग थिनरचा वास आठवला, एवढी वर्षं छातीत भरलेला. एकामागून एक कारणं सुचत होती आणि प्रत्येक कारणाच्या शेवटी अंधारच होता.

मी कोणालाच सांगितलं नाही. बायकोला म्हणालो, राहात्याच्या दुकानात उजेड नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती झाकून ठेवताना आतल्या आत बोटं कशी वळतात ते ज्याचं त्याला ठाऊक.

गॅरेजात मी डबे जागेवरून ओळखायला लागलो. डावीकडचा लाल, त्याच्याखाली तपकिरी. कोणी डबा हलवला तर मी त्याच्यावर खेकसायचो. रोज सकाळी रस्ता ओलांडताना गाड्यांकडं बघत मी मनात रंग म्हणत जायचो आणि मग स्वतःलाच विचारायचो, बघून म्हणालास की आठवून? एका डॉक्टरांची तांबडी गाडी आली. मागचा दरवाजा ठोकलेला होता. मी रंग कालवला, उन्हात पत्र्यावर थेंब लावून पाहिला, आणखी थोडा कालवला. मला तो अगदी मिळालेला दिसत होता. पण 'दिसणं' आता माझ्या भरवशाचं उरलं नव्हतं. हो म्हणावं तर भीती, नाही म्हणावं तर विचारतील. पोरांनी मामांकडं पाहिलं. मामा दुसऱ्या गाडीखाली होते, तिथूनच म्हणाले, "भाच्यानं बघितला का?"

"बघितला," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गाडी सावलीतून उन्हात काढली आणि मामा दारातच थांबले. अख्खी गाडी तांबडी आणि मागचा दरवाजा चिखलात पडून उठल्यासारखा. पोरं खाली बघायला लागली. मामा ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते जवळ आले, हळू म्हणाले, "घरी काय झालंय का तुझ्या?" मी नाही म्हणालो आणि जेवायच्या सुट्टीत डबा तसाच घेऊन घरी आलो.

बायको दारातच होती. तिनं न उघडलेला डबा माझ्या हातातून घेतला. आत जाऊन आमचे दोन्ही लाल आणि दोन्ही केशरी आणले, मधे तो काळा-हिरवा ठेवला. म्हणाली, "मला फकस्त लाल द्या."

मी हात पुढं केला आणि तो हवेतच राहिला. एवढा वेळ आवरलेलं सगळं तिथं फुटलं. मी पाय पसरून फरशीवर बसलो आणि म्हणालो, "मला दिसत नाही गं. लाल जातोय माझा. मी आंधळा होणार." बोलल्यावर भीती कमी होते म्हणतात. माझी वाढली, कारण आता ती तिच्याही डोळ्यांत दिसत होती.

"कवापासून?"

मी सांगितलं. लघवीपासून सगळं सांगितलं, गोळ्यांचा रंग उडाला म्हणून त्या माठामागं ठेवल्या तेही. ती ऐकता ऐकता मधेच उठली, माठामागून पाकीट काढलं आणि खिडकीशी धरलं. "रंग कुटं उडालाय? हाय तशीच तांबडी हाय की." मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "ती ताई काय म्हनाली हुती? रंगाचं काय म्हनाली हुती ती?"

पुढचं मला तुटक आठवतं. तिनं मला रिक्षात बसवलं. ताईनं मला पाहिल्या पाहिल्या विचारलं, "काय दादा, धंदा रंगाचाच ना?" आणि मी उत्तर दिलं नाही तशी तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिनं स्वतः उठून आम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडं नेलं.

डॉक्टरबाईंनी एक पुस्तक उघडलं. पानभर रंगीत ठिपके. "यातला आकडा वाचा." मी पाहिलं. ठिपके होते. लहान, मोठे, खडी पसरावी तसे. "आकडा कुठं आहे?" मी विचारलं. त्यांनी पान उलटलं. पुन्हा खडी. बायको माझ्या मागं उभी होती आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता. तिला प्रत्येक पानावर आकडा दिसत होता, मला कळत होतं, कारण पान उलटलं की ती किंचित पुढं वाकायची आणि मी गप्प राहिलो की मागं सरायची. शेवटी शेवटी मी पानांकडं बघायचं सोडून तिचा श्वासच ऐकत राहिलो.

टीबीच्या औषधांत एक औषध असतं, ते थोड्या लोकांच्या डोळ्यांच्या शिरेला बाधतं, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. आधी रंग जातात, त्यातही लाल-हिरवा. ते औषध आजपासून बंद. बाकीची चालू राहतील, टीबीच्या डॉक्टरांशी त्या बोलतील.

"परत येतील रंग?"

"बहुतेकांचे येतात. वेळ लागतो. तुम्ही लवकर आलात. पुष्कळांना अक्षर दिसेनासं झाल्यावर कळतं."

'बहुतेकांचे' हा शब्द घेऊन मी घरी आलो. एक गोळी कमी झाली म्हणून टीबी उलटेल अशी भीती, आणि आधीच उशीर झाला असेल अशी दुसरी. इकडे आड तिकडे विहीर. खोकल्याची ढास आली की मला छातीची धास्ती, ढास गेली की डोळ्यांची.

मामांना मी सगळं सांगून टाकलं. ते भडकले, पण टीबीवर नाही. "न्युमोनिया सांगतो मला! मी परका हाय काय?" त्यांनी मला रंगावरून काढून वॉटर पेपरनं पत्रा घासायला बसवलं आणि स्वतः रंग जुळवायला लागले. जेवताना मात्र मला ओढून वर्तुळात घेतलं.

घरी बायकोनं एक नेम सुरू केला. रोज सकाळी ती कपाटातला एक रोबो माझ्या हातात द्यायची आणि विचारायची, "कंचा?" मी सांगायचो आणि ती म्हणायची, "बरोबर." काही दिवस सतत बरोबर आलं. ती खुश, मी खुश. पण माझं मन मला खात होतं, कारण मी लबाडी करत होतो. प्रत्येकाच्या अंगावरचा रंग कुठं जाड, कुठं खरवडलेला, कुणाचा गुडघा ढिला, हे माझ्या बोटांना पाठ होतं. डोळ्यांना काही दिसण्याआधीच बोटं सांगून मोकळी व्हायची. ती हातात देते, मी घेतो, ही लबाडी टाळायचं धाडसच मला होत नव्हतं.

एक दिवस तिनं काळा-हिरवा हातात दिला. बोटांनी तो लगेच ओळखला. कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी म्हणालो, "लाल पट्ट्यांचा."

"बरोबर," ती म्हणाली.

मी तिच्याकडं बघतच राहिलो. तिला कळलं. तिनं तोंडाला पदर लावला. "तुमी चुकला की तुमचं तोंड असं हुतं, मला बघवत न्हाई." म्हणजे मी तिला फसवत होतो आणि ती मला. त्या दिवशी आम्ही दोघं जेवलो नाही.

मग ती पुणतांब्याला माहेरी गेली. जाताना माझ्याकडचा एक मोडका रोबो पिशवीत टाकून नेला, मला न सांगता. परत आली ती थेट माझ्यापुढं येऊन बसली. तिच्या भावानं मळ्याच्या फाटकाला रंग आणला होता, त्यातला उरलेला घेऊन तिनं स्वतः ब्रशनं तो रोबो रंगवला होता. तिनं तो वर धरला. "हात न्हाई लावायचा. नुसतं बघायचं. आन आता मी खरं सांगनार, देवाशप्पत."

मी पाहिलं. बोटं मांडीखाली दाबून धरली. आधी तो मातकटच वाटला. मग तिनं तो थोडा खिडकीकडं वळवला आणि कडेला, जिथं रंग जाड बसला होता, तिथं काहीतरी पेटल्यासारखं झालं. मी बघत राहिलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "लाल," मी म्हणालो. "लाल आहे गं. फिकट दिसतो, पण लाल आहे."

तिला रडू फुटलं.

"रडू नको. आधी सांग. बरोबर का चूक?"

"बरोबर हाय."

"खरंच?"

"शप्पत घेतली न्हवं मी!"

आणि मला विश्वास बसेना. तिची शपथ खरी होती. पण मला आंधळा म्हणण्यापेक्षा ती शपथ मोडील, हेही मला तितकंच खरं वाटत होतं. तिच्या जागी मीही मोडली असती. जगात एकच माणूस माझ्या बाजूचं, आणि नेमकं त्याच्यावरच मला भरवसा ठेवता येत नव्हता.

मी रोबो खिशात घालून गॅरेजात गेलो. मामांना रंग विचारला असता तर तेही आधी माझ्या तोंडाकडं बघून बोलले असते. म्हणून मी त्यांच्या पुढ्यात तो टाकला आणि म्हणालो, "मामा, हा खराब झालाय. घासून पुन्हा मारायचाय. कुठला डबा घेऊ?" माझा आवाज माझा मलाच परका वाटत होता. मामांच्या हातात स्प्रेची गन होती. त्यांनी चिडून खाली पाहिलं.

"लालच हाय ना त्यो, मग लालाचा घे की! आन ह्यो लावलाय कुन्या गाढवानं? ब्रशचे केस निम्मे अंगावरच सोडल्यात. हात तोडला पायजे त्याचा."

मी पुट्टीच्या डब्यावर बसलो. तोंड दोन्ही हातांत लपवलं. मामा गन खाली ठेवून धावले, पोरं पाणी घेऊन आली, छातीत दुखतंय का, डॉक्टरला बोलवू का, सगळे एकदम विचारत होते. मी मामांचा हात धरून ठेवला आणि कसंबसं म्हणालो, "मामा, हात नका तोडू. बायकोनं लावलाय."